इतर हक्क

वस्तूंची नुसती यादी करणे दुकानातील पोऱ्यालाही जमते. त्या एकमेकींच्या आधाराने कशा उभ्या आहेत, हे लिहून ठेवणे मात्र जिकिरीचे. माझा पुतण्या पुण्यास संगणकांची देखभाल करणाऱ्या एका कचेरीत असतो. तेथील नोंदवहीत प्रत्येक यंत्र व आज्ञावली तर असतेच. पण कोणती आज्ञावली कोणत्या यंत्रावाचून अडेल, हेही असते. यंत्र दुरुस्तीस काढावयाचे झाले, की कोणाचे काम खोळंबणार ते आधीच कळते.

हे ऐकून मला पेठ वडगावच्या शिवारातील आमच्या जमिनीचा सातबारा आठवला. गाव नमुना ७ गटाचा धनी सांगतो, १२ पीक सांगतो, ८-अ खातेदाराचे सारे गट एकत्र दाखवितो. आणि बदल कसा झाला, हे नमुना ६ मधील फेरफारावरून उमगते. पण माझी नजर ठरते ती ‘इतर हक्क’ या रकान्यावर. बोजा, कूळ, विहिरीतील हिस्सा, ही नाती तेथे नांदतात.

आमच्या विहिरीवर दोन चुलत घरांची पिके भिजतात. हा ठराव वडीलमंडळींच्या तोंडचा. रकाना कोराच आहे. उद्या गट विकला गेला, तर घेणारा कागद पाहील, आमचे चुलतपण नव्हे. म्हणून हयातीतच ती नोंद व्हावी, असा आग्रह मी धरला आहे. धाकट्यांना त्यात अविश्वासाचा वास येतो. मी त्यांना एवढेच सांगतो, की ज्या नात्यावर कुणाचे पीक उभे आहे, ते गावच्या दप्तरात तरी असावे.