उंदराची वाट

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. दोघीतिघींनी मेल करून चौकशी केली, पुण्याच्या वन्सं तर रागावल्याच. कारण होतं. दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी हे दूध आणायला म्हणून बाहेर पडले, ते दोन तास आलेच नाहीत. शेवटी सापडले कुठे, तर गावभागात, आमच्या जुन्या भाड्याच्या घरासमोर! २००५ च्या पुरात त्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं आणि आम्ही विश्रामबागेत फ्लॅट घेतला, त्याला आता वीस वर्षं झाली. मध्ये तीन-चार किलोमीटर अंतर, ही वाहनांची गर्दी. पण एकही वळण न चुकता गेले. हातात रिकामी किटली.

आणि मी काय केलं? रिक्षात बसेपर्यंत ओरडत होते. चौतीस वर्षं वर्गात ओरडायची सवय. "अहो, स्वतःचं घर कळत नाही?" ते काही बोलले नाहीत. तो चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मग सुट्टीत नात आली. ती कॉम्प्युटर शिकते. तिने लॅपटॉपवर चौकटींचा एक चक्रव्यूह दाखवला. त्यातला एक ठिपका म्हणजे उंदीर, कोपऱ्यात खाऊ. प्रत्येक चौकटीत एक आकडा, सुरुवातीला सगळीकडे शून्य. उंदीर नुसता भटकतो. चुकूनमाकून खाऊ सापडला की खाऊच्या शेजारच्या चौकटीचा आकडा थोडा वाढतो. पुढच्या फेरीत तिच्या आधीच्या चौकटीचा. असे आकडे मागे मागे सरकत दारापर्यंत येतात आणि वाट तयार होते. "आजी, अगं, अपेक्षा काय होती आणि मिळालं काय, या फरकावर सगळं चालतं," ती म्हणाली. ही रीत सटन आणि बार्टो यांची. १९९७ मध्ये शुल्ट्झ, दायान आणि मॉन्टेग्यू यांनी दाखवलं की माकडाच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी हाच फरक सांगत असतात. अनपेक्षित गोड मिळालं की त्या जोरात बोलतात, ठरलेलं मिळालं नाही की गप्प होतात.

मी मास्तरणीचा प्रश्न विचारला. खाऊ दुसरीकडे ठेवला तर? तिने ठेवला. ठिपका पुन्हा पुन्हा जुन्याच, रिकाम्या कोपऱ्यात जात राहिला. जुने आकडे उतरायला वेळ लागतो म्हणे. ती हसत होती, मला हसू येईना.

खरा उंदीर इतका भाबडा नसतो, तो डोक्यात नकाशा बाळगतो, असं टोलमन यांनी १९४८ मध्येच लिहिलं होतं. १९७१ मध्ये लंडनला ओ'कीफ यांना उंदराच्या मेंदूत ठरावीक जागी पोचल्यावरच जाग्या होणाऱ्या पेशी सापडल्या. २००५ मध्ये नॉर्वेतल्या मोझर पतिपत्नींना शेजारच्याच भागात आणखी नवल दिसलं. तिथली एकेक पेशी जमिनीवर सारख्या अंतरावरच्या अनेक ठिकाणी जागी होते. ती ठिकाणं कागदावर मांडली तर आपली ठिपक्यांची रांगोळी, मधले ठिपके घातलेली! तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. २०१८ मध्ये लंडनच्या डीपमाइंडने कॉम्प्युटरला नुसता वेग आणि दिशा देऊन 'आपण कुठे आहोत' हे ओळखायला शिकवलं, तर त्यातही तशीच जाळी आपोआप उमटली. (आपोआप की शिकवण्याच्या पद्धतीमुळे, यावर वाद आहे, हे नातीने लगेच बजावलं.)

हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं, कारण ती रांगोळीची जागा अल्झायमरमध्ये अगदी सुरुवातीलाच बिघडते. डॉक्टरांनी यांच्या बाबतीत आता तेच नाव घेतलं आहे. वन्सं, फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून इथे लिहिते.

रांगोळी पुसत चालली आणि जुने आकडे तेवढे शाबूत राहिले, असं मी आपलं समजते. नात म्हणते, "इतकं सोपं नसतं गं." नसेल.

आता दर शनिवारी संध्याकाळी मीच यांना रिक्षाने गावभागात नेते. घरमालकांच्या सूनबाई ओट्यावर बसू देतात, चहाही करतात. परत येताना रिक्षावाल्याला वाट हेच सांगतात, राजवाडा चौकापर्यंत. तिथून पुढे मी.