समुद्राकाठच्या मुक्कामाचा बेत

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत खारें पाणी म्हणजे लोणारचें सरोवर. समुद्र आमच्यांतील पुष्कळांनीं चित्रांतच पाहिलेला. यंदा मात्र घरच्या लहानथोर चौदा माणसांनीं मालवणाकडे तंबूंत चार दिवस राहण्याचें योजिलें आहे. शेगांवहून आगगाडीनें मुंबईकडे, तेथून १९९८ सालीं पुरी झालेल्या कोंकण रेल्वेनें कुडाळास, हें चटकन् ठरलें. ऐंशीं वर्षांच्या काकूंना ही दगदग सोसणार नाहीं, म्हणून त्यांना घरींच ठेवावें, असेंही कांहींनीं सुचविलें.

तंबू लाटांना लागूनच हवे, हा मुलांचा हट्ट. काकूंनीं विचारलें, "लोणारचें पाणी जागचें हलत नाहीं, समुद्राचें काय?" आम्ही निरुत्तर झालों. भरती दिवसांतून बहुधा दोनदां येते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचें पाणी बरेंच वर चढतें. आमचा बेत नेमका माघी पौर्णिमेचा! शिवाय हिवाळ्यांत त्या किनाऱ्यावर कांसविणी रात्रीं वाळूंत अंडीं घालतात. दिव्यांच्या उजेडानें पिल्लांची समुद्राकडील वाट चुकते.

शेवटीं मुक्काम अष्टमीच्या सुमारास ठरला. तंबू पुळणीवर न ठोकतां, मालकाची परवानगी घेऊन आंतल्या माडांच्या वाडींत ठोकावयाचे, तेही नारळाच्या घडांखालीं नव्हेत. आणि रात्रीं दिवे मंद ठेवावयाचे. लाटांचा आवाज तेथवर येईलच.

काकूंना घरीं ठेवण्याची गोष्ट आतां कोणी काढीत नाहीं.