कॅलासबाईंचं देणं

माझ्या गाण्याच्या वर्गात एक नियम आहे. स्वतःचा तास संपला की वही मिटून घरी पळायचं नाही. पुढच्या मुलीचा तास संपेपर्यंत बसायचं. पालक कुरकुरतात, "हिचं तर झालं ना?" हा नियम मी कुठल्याशा बुवांकडून उचलला असावा, असा त्यांचा समज आहे. तो आहे ऑपेरागायिका मारिया कॅलास हिचा. आणि कॅलासपर्यंत मला नेलं ते गिरगावात पियानो शिकवणाऱ्या, आमच्या शेजारच्या एका गोवेकर मिसनी.

मी तेव्हा नाट्यपदं शिकत होते, तासावर पैसे मोजून. गुरूच्या घरी राहून दिवसभर कानांवर पडणारं गाणं माझ्या वाट्याला आलं नव्हतं. मिसकडे 'तोस्का' या ऑपेराचं, कॅलासने गायलेलं 1953 सालचं ध्वनिमुद्रण होतं. इटालियन मला ओ की ठो कळत नव्हतं. पण दुसऱ्या अंकात खलनायक स्कार्पियाला भोसकल्यावर नायिका तोस्का सूर सोडून चक्क बोलते, आणि तरीही गाणं तुटत नाही. गद्यातून पदात शिरण्याची जी जागा मला साधत नव्हती, ती मला तिथे सापडली.

माझी गोडी पाहून मिस कॅलासविषयी सांगू लागल्या. ग्रीक आईबापांची ही मुलगी 1923 साली न्यूयॉर्कमध्ये जन्मली आणि 1937 साली आईबरोबर अथेन्सला गेली. तिथे एल्विरा दे इदाल्गो या स्पॅनिश गायिकेकडे शिकताना ती सकाळी येई आणि दिवसभर इतरांच्या शिकवण्या ऐकत बसे. कच्च्यात कच्च्या शिष्याकडूनही काहीतरी घेण्यासारखं असतं, असं तिचं म्हणणं.

या बसण्याचं फळ 1949 साली व्हेनिसमध्ये दिसलं. ती वाग्नरच्या ऑपेरातली भारदस्त ब्रुनहिल्ड गात होती. तेवढ्यात बेल्लिनीच्या 'ई पुरितानी'ची नायिका आजारी पडली. तिथे हवा होता हलका, झरझर ताना घेणारा गळा. संगीतसंचालक तुल्लिओ सेराफिन यांनी कॅलासला उभं केलं. आठवड्याच्या आत तिने ती भूमिका बसवली आणि गाजवली. 1951 साली मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहाचा हंगाम तिच्या गाण्याने सुरू झाला.

रंगमंचावरची कारकीर्द लवकर आटपली. 1965 साली लंडनमध्ये ती शेवटची 'तोस्का' गायली, तेव्हा वय होतं अवघं 41. पुढे 1971-72 मध्ये न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संस्थेत तिने तरुण गायकांना भरल्या सभागृहासमोर शिकवलं. त्या वर्गांचं ध्वनिमुद्रण मी अजूनही लावते. ती मध्येच थांबवते, शब्द स्पष्ट मागते, लिहिलेल्या लयीशी खेळू देत नाही. शिकवावं कसं, हे मी त्यावरून शिकले.

नाव झाल्यावरही कॅलास आपल्या बाईंना, दे इदाल्गोंना, पत्रं लिहीत राहिली. 1977 साली ती पॅरिसमध्ये वारली. बाई त्यानंतर 1980 पर्यंत होत्या. माझ्या मिसही आता नाहीत, आणि त्यांनी माझ्याकडून कधी एक पैसा घेतला नाही. माझं स्वतःचं गाणं बेताचंच राहिलं. शिकवणं थोडंफार जमलं असेल, तर ते कॅलास आणि मिस या दोघींमुळे.