वेग कोण खातो?

चालती वस्तू चालत राहावी म्हणून तिला सतत रेटा द्यावा लागतो, असे माणूस दोन हजार वर्षे मानत आला. बैल थांबले की गाडी थांबते, हा रोजचा अनुभव ॲरिस्टॉटलच्या मताला पुष्टी देत होता. गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून गतीचा अभ्यास केला आणि १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात निराळा विचार मांडला. न्यूटनने १६८७ मध्ये त्याला नियमाचे रूप दिले. वस्तू आपण होऊन थांबत नाही. तिला काहीतरी थांबवते. आम्ही इतिहासाचे शिक्षक असूनही हा नियम वर्गात आवर्जून सांगतो, कारण त्याने प्रश्न विचारण्याची रीतच बदलली.

या प्रश्नाचे मोल आमच्या एका माजी विद्यार्थ्यामुळे आम्हांला नव्याने उमगले. मसुऱ्याच्या गड नदीकाठी वाढलेला हा मुलगा वसतिगृहात राहून शिकला आणि पुढे मस्कतला पिकअप गाडीवर चालक म्हणून लागला. गाडी जुनी, पेट्रोलवर चालणारी, ऑटोमॅटिक गिअरची. काही महिन्यांपासून तिला पेट्रोल जास्त लागू लागले. मालकाने गाडी तपासली नाही. चालकावर संशय घेतला. दोन महिने पगारातून रक्कम कापली गेली, पेट्रोलच्या हिशोबाची वहीही काढून घेतली गेली. एका रात्री त्याचा फोन आला. "मी चोरी करूक नाय, सर," एवढेच तो आधी म्हणाला. मग बोलता बोलता सहज म्हणाला, "पाय काडलंय की गाडी मागसून कोणीतरी धरल्यासारी वाटता." या दुसऱ्या वाक्याने आम्ही सावध झालो. गावातल्या अनुभवी मेस्त्रींना मध्ये घेऊन पुढच्या चार रात्री आम्ही फोनवरच कारणांची मांडणी केली.

ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडीचा वेग खाणारे अनेक जण असतात. पहिले इंजिन. पेट्रोल इंजिनात पाय काढताच हवेची वाट जवळजवळ बंद होते. दट्ट्यांना अपुऱ्या हवेवर ओढ घेत फिरावे लागते, आणि त्यासाठी लागणारी शक्ती चाकांकडून घेतली जाते. घाट उतरताना एसटीचा चालक खालचा गिअर टाकतो, तो इंजिनच्या रोधाचा लाभ घेण्यासाठी.

ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामधला दुवा तेलाचा असतो. जर्मन अभियंता हेर्मान फोटिंगर याने १९०५ मध्ये ही द्रवचलित जोडणी जहाजांसाठी शोधली. मोटारीत ती पुढे आली. तेलातला हा दुवा थोडा सैल असल्याने जुनी ऑटोमॅटिक गाडी पाय काढल्यावर एरवी बऱ्यापैकी घरंगळत जाते. मात्र ओव्हरड्राइव्हचे बटण बंद राहिले, टॉर्क कन्व्हर्टरला जखडणारा क्लच सुटला नाही किंवा गिअर खालच्याच टप्प्यावर अडकला, तर इंजिनचा रोध थेट चाकांपर्यंत पोहोचतो. तसे असेल तर इंजिनच्या फेऱ्या दाखवणारा काटा नेहमीपेक्षा वर राहतो.

दुसरा गट चाकांपाशी असतो. टायरमध्ये हवा कमी असेल तर तो प्रत्येक फेरीला चेपतो आणि शक्ती खातो. बेअरिंग जड झाले, चारही चाकांना शक्ती देणारा गिअर लागून राहिला किंवा ब्रेकचे लायनर ड्रमला घासत राहिले, तरी तेच होते. शिवाय पिकअपचे उंच, चौकोनी तोंड वाऱ्याला अडते; वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रोध चौपट होतो.

संशयितांची यादी झाली. आता साक्ष हवी होती. भल्या पहाटे मोकळ्या, सपाट रस्त्यावर त्याने ताशी ६० किलोमीटरवर पाय काढला आणि वेग ५० वर येईपर्यंतचे सेकंद शेजारी बसलेल्या सोबत्याने मोजले. वाऱ्याचा परिणाम कळावा म्हणून जाताना आणि येताना, दोन्ही वेळा मोजले. गिअरमध्ये असताना ६ सेकंद लागले, न्यूट्रलमध्ये ९. मग सोबत्याची त्याच जातीची धडधाकट गाडी घेतली. तिला गिअरमध्ये ८ सेकंद लागले आणि न्यूट्रलमध्ये १३.

आकडे बोलू लागले. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा चाकांशी संबंध सुटतो. तरीही त्याची गाडी चार सेकंद आधी मंदावत होती. म्हणजे मुख्य दोष इंजिनात नव्हता, चाकांपाशी होता. टायरची हवा योग्य होती, चारही चाकांचा गिअर सुटलेला होता. फारसा ब्रेक न लावता काही अंतर चालवून त्याने प्रत्येक चाकाजवळ हात नेला, लावला मात्र नाही. पुढची चाके कोमट होती, मागची दोन्ही तापलेली. जॅकवर उचलल्यावर ती हाताने फिरवताना घासत होती. हँडब्रेकची तार खाऱ्या हवेने आतून गंजली होती. दांडी खाली आली तरी तार पुरती सैल होत नव्हती. पेट्रोल कोणी चोरत नव्हते. ते उष्णता होऊन मागच्या दोन ड्रममधून उडून जात होते.

तार बदलली, लायनर नीट बसवले आणि पेट्रोलचा खर्च पूर्वपदावर आला. मालकाने माफी मागितली नाही, कापलेली रक्कमही परत दिली नाही. परंतु हिशोबाची वही पुन्हा त्याच्या हाती दिली. त्या रात्रीच्या फोनवर तो पैशांबद्दल काही बोलला नाही, वहीबद्दलच बोलला.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातली वेदना नवी नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे कित्येक समाजांना जन्मतःच चोर ठरवले. तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. पुरावा मागाहून आणि संशय आधी, ही रीत कायद्याच्या पुस्तकातून गेली तरी माणसांच्या मनातून सहजी जात नाही. तिला उत्तर द्यायचे तर आपल्या मुलांच्या हाती मोजमापाचे साधन हवे. 'मी चोर नाही' हे शब्द त्याच्याजवळ पहिल्या रात्रीही होते. ते ऐकायला लावले या चार आकड्यांनी.

आमच्या किनाऱ्यावरही हवा खारी आहे. ज्यांच्या दारात जुनी पिकअप उभी आहे, त्या पालकांनी पावसाळ्यानंतर हँडब्रेकची तार, लायनर आणि टायरची हवा तपासून घ्यावी. ही न्यूट्रलची परीक्षा सपाट, रिकाम्या रस्त्यावर क्षणभरच करावी. इंजिन बंद करू नये, आणि फोंड्याचा किंवा करूळचा घाट तर कधीही न्यूट्रलमध्ये उतरू नये. गाडी जास्त इंधन मागू लागली, तर आधी चाकाजवळ हात न्यावा. चालकाला जाब विचारायचा असेल, तर तो त्यानंतर.