ड्यूटी संपताना

घर धारला, नर्सिंगचं शिक्षण देवासला, मधे इंदूरची बस. थिअरी, वॉर्डातली पोस्टिंग, केअर प्लॅन, प्रोसिजर बुक यांची ओढाताण सुरू झाली की एकच वही कामी येते. रविवारी रात्री त्यात आठवडा मांडते. केअर प्लॅन मात्र त्याच संध्याकाळी लिहिते, रुग्ण डोळ्यांसमोर असतानाच.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये व्यवस्थापनावर अख्खं प्रकरण लिहिलं. आपण नसतानाही रुग्णाची काळजी तशीच चालू राहावी, हे त्याचं सार. ते वाचल्यापासून ड्यूटी सोपवताना माझा क्रम ठरलेला: ताप, नाडी, श्वसन, किती प्यायले, किती लघवी झाली, पुढचं औषध कधी.

काळजीतल्या सातत्याचं हे महत्त्व देवासमध्ये जास्तच पटतं. क्षयानं आजारी असलेले गायक कुमार गंधर्व १९४८ मध्ये इथल्या कोरड्या हवेत आले. काही वर्षं गाणं थांबलं. पत्नी भानुमतींनी त्यांची शुश्रूषा केली. क्षयाचे उपचार आजही महिनोन्महिने चालतात आणि गोळ्यांत खंड पडला, तर औषधंच निष्प्रभ होऊ शकतात.

म्हणून नोंद वेळेवर करणं हा मला सेवेचाच भाग वाटतो. माझ्यानंतर येणाऱ्या सिस्टरला रुग्णाबद्दल काहीही अंदाजानं ठरवावं लागू नये, एवढी काळजी मी रोज घेणार.