झाकण्याआधीचं माप

मापाची नि माझी ओळख भुकेच्या वर्षातली. 1972च्या दुष्काळात माणदेशातली आमची सगळी वाडी पाझर तलावाच्या कामावर होती. शाळा सुटली की आम्ही पोरं तिकडेच, सुकडीच्या आशेनं. मजुरी मिळायची ती खोदलेल्या मातीच्या मापावर. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल, म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास. बाकीचे पाढे मी नंतर शिकले, हा आधी.

खोदताना खड्ड्याच्या मधोमध मूळ जमिनीचा एक खुंट तसाच ठेवत. त्यावरचं वाळलेलं गवतसुद्धा कुणी उपटायचं नाही, अशी मुकादमाची ताकीद असायची. गवत शाबूत असलं की खुंटावर माती थापून उंची वाढवलेली नाही हे कळतं, आणि खुंटाची उंची तीच खड्ड्याची खोली. माझ्या आईला अक्षर ओळखू येत नव्हतं. पण माप चालू असलं की ती पाटी खाली ठेवून टेपच्या टोकापाशी जाऊन उभी राहायची. टोक नेमकं काठावर टेकलंय का, एवढंच बघायची. चार बोटं आत सरकलं की आमच्या घरातलं काय कमी होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पुढे रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979पासून लागू झाला. त्यातही मजुरी मापावरच राहिली. तोवर मी पॉलिटेक्निकच्या वाटेवर होते.

तिथे बी. एन. दत्तांच्या जाडजूड पुस्तकातून परिमाणं काढायला शिकले. लांब भिंत बाहेरून बाहेर मोजायची, आखूड भिंत आतून आत. आतून 4 मीटर बाय 3 मीटरची खोली, भिंत 23 सेंटिमीटरची. लांब भिंती 4.46च्या दोन, आखूड 3च्या दोन, एकूण 14.92 मीटर. मग सरांनी तीच खोली भिंतीच्या मध्यरेषेवरून मोजायला लावली. 4.23 अधिक 3.23, दुप्पट, पुन्हा 14.92! दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला, याचा मला झालेला आनंद अजून तसाच आहे. कोपऱ्यातली वीट एकदाच मोजली जावी, दोनदा नाही आणि शून्य वेळाही नाही, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. विषय रूक्ष आहे असं बरोबरीची मुलं म्हणत. मला तो कधीच रूक्ष वाटला नाही.

नग, लांबी, रुंदी, उंची. या चार रकान्यांत मी आयुष्य काढलं. वीटकाम घनमीटरमध्ये, पण अर्ध्या विटेची भिंत चौरस मीटरमध्ये. गिलावा चौरस मीटर, स्कर्टिंग धावता मीटर, सळई किलोत. सळईचं वजन काढायला व्यासाचा वर्ग भागिले 162. बारा मिलिमीटरची सळई मीटरला 0.89 किलो भरते. भारतीय मानक 1200 वाचलं तेव्हा गिलाव्याच्या वजावटीचा नियम मला फार आवडला. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक असेल तर काहीच वजा करायचं नाही. त्याहून मोठी, पण तीन चौरस मीटरपर्यंतची खिडकी असेल तर भिंतीच्या एकाच बाजूचं वजा करायचं. दुसरी बाजू सोडून द्यायची, कारण खिडकीच्या कडा काढायला गवंड्याचा वेळ जातो आणि त्या वेगळ्या मोजायच्या नसतात. ज्यांनी हा नियम लिहिला त्यांनी गवंड्याला कडेशी थापी घेऊन बसलेलं नक्की पाहिलं असणार.

नोकरीत मोजमाप पुस्तिका हातात आली. तिच्या पानांना छापील क्रमांक. पान फाडायचं नाही, खाडाखोड करायची नाही. आकडा चुकला तर एक रेघ मारून बाजूला सही. माप जागेवरच लिहायचं, ऑफिसात बसून नाही. हे नियम अविश्वासातून आले असं पुष्कळजण म्हणतात. असतील. पण न वाचता येणाऱ्या माणसाच्या वतीनं आपण लिहितो आहोत, ही आठवण मला त्या नियमांनीच ठेवायला लावली.

एका गावात शाळेच्या कामावर मी रुजू झाले तेव्हा पाया भरून झाला होता. पुस्तिकेत खोदाईची खोली 1.2 मीटर, म्हणजे अंदाजपत्रकातलीच. गाव काळ्या मातीचं. मुरूम इतक्या वर लागेल हे पटेना. भिंतीलगत दोन ठिकाणी खड्डे घेतले, तर काँक्रीटचा तळ 1.8 मीटरवर. चाळीस मीटर लांबीचा, नव्वद सेंटिमीटर रुंदीचा चर. जादाची साठ सेंटिमीटर म्हणजे 21.6 घनमीटर, साडेसात ब्रासहून जास्त माती कुणीतरी हातांनी उपसली होती आणि ती कुठेच लिहिलेली नव्हती. मी नोंद केली, वरिष्ठांनी तपासली, वाढीव बिल मंजूर झालं. ते निघालं ठेकेदाराच्या नावानं. खोदाईची टोळी महिन्यापूर्वीच गाव सोडून गेली होती.

तेव्हापासून माझं मत ठाम आहे: झाकलं जाणारं काम झाकण्याआधी मोजलं नाही, तर नंतरचा कुठलाही आकडा तडजोडीचाच असतो. आता नकाशावरून संगणक क्षणात परिमाणं काढून देतो, आणि ती बरोबर असतात. पण ती नकाशाची असतात. मुरूम किती खाली लागला हे नकाशाला माहीत नसतं.

घर बांधायला काढलं असेल तर पाया भरण्याआधी एकदा चरात उतरा. स्लॅब ओतण्याच्या आदल्या दिवशी सळया मोजा, सांध्यावर किती चढवल्यात तेही बघा. माप वहीत लिहून तुमची आणि मिस्त्रींची सही घ्या. आणि माती उपसणारी माणसं तिथे असतील तर त्यांना थांबवून ते माप मोठ्यानं वाचून दाखवा.