साक्षीला पूर आणि मध्यरात्र

राजूरला लोक येतात ते गणपतीला. साडेतीन पीठांतलं हे एक, अंगारकीला पाय ठेवायला जागा नसते. मी कथा शिकवणारा, त्यामुळे मला ओढ इथून पुढच्या भोकरदनची. ते सातवाहनकाळातलं भोगवर्धन. तिथल्या उत्खननात मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाँपेईतल्या मूर्तीच्या जातकुळीची आहे. त्याच सातवाहनांपैकी हाल राजाच्या नावावर ‘गाथासप्तशती’ आहे. माझ्या मते वादळ आणि संसार यांच्या आपल्या पहिल्या कथा तिच्यातच आहेत, फक्त दोन-दोन ओळींच्या.

एका गाथेत झंझावाताने छपराचं गवत उडालंय. भगदाडातून पाण्याच्या धारा लागल्यात. नवरा परमुलखात, आणि तो परतण्याचा दिवस तिने भिंतीवर लिहून ठेवलेला. अख्खं घर भिजतंय, ती मात्र तळहात धरून तेवढी अक्षरं वाचवतेय. बाई रडली की रागावली, काही सांगितलेलं नाही. दुसऱ्या गाथेत कुणीतरी एका पुरुषाला सांगतंय: तुझं भाग्य आणि तिचं बाईमाणसाला न शोभणारं धाडस दोघांनाच ठाऊक, गोदावरीच्या पुराला आणि पावसाळी मध्यरात्रीला. ती कुणाची कोण, हे गाथा विचारतच नाही. पुरातून आली, एवढं पुरे.

अमेरिकेत केट शोपँ यांनी १८९८ साली ‘द स्टॉर्म’ लिहिली. नवरा आणि मुलगा पावसामुळे दुकानात अडकतात. इकडे बायको नवऱ्याचे ठेवणीतले कपडे काढायला बाहेर येते, तोच जुना प्रियकर घोड्यावरून दारात. नवऱ्याची विजार पकडतो तो हाच! वादळ ओसरल्यावर घरचे तिघं आनंदाने जेवतात, कुणालाही शिक्षा नाही. शोपँ १९०४ मध्ये वारल्या, कथा छापली गेली १९६९ मध्ये.

या तिन्ही ठिकाणी वादळ काम करतं. छप्पर उडवतं, वाट अडवतं, माणसाला चार तास घराबाहेर ठेवतं. वासना आणि संसारातली घुसमट त्या अडलेल्या वेळात आपसूक बाहेर येते. आपल्या पुष्कळ कथांत मात्र नवरा-बायकोचं वाजलं की वीज कडाडते आणि दोघं जवळ आली की सर कोसळते. ती वीज काढून टाकली तरी कथेचं काही अडत नाही, म्हणून मला ती खोटी वाटते.

आमच्याकडे वळवाचं वावधान सुटलं की पत्रे उडतात, लाइट जाते, ओढ्याला पाणी येतं आणि पलीकडचा माणूस रातभर पलीकडेच राहतो. त्या रात्री अलीकडच्या घरात काय घडतं, ही कथा मराठवाड्यातल्या लिहित्या मुलींकडून मला वाचायची आहे. लिहिण्याआधी स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली संपादित केलेली सप्तशती जरूर वाचा.